कुंपणातली काळी मैना

करवंद म्हणा की कवळीहण्णु, आपल्या संकेश्वर भागातल्या घरांत हे फळ दोन्ही भाषांत गोड लागतं. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. लहानपणी फळ फोडण्याआधी आम्ही 'कोंबडा की कोंबडी?' अशी पैज लावायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी!

आपली हिरण्यकेशी जिथं उगम पावते, त्या आंबोलीच्या रानात करवंदीच्या जाळ्या आजही दिसतात. नदीबरोबर खाली आलं की उसाची शेतं लागतात. इथले बांध अरुंद झाले, जाळ्या गेल्या आणि काटेरी तार आली. तार जनावरं अडवते, पण तिच्यात बुलबुल घरटं बांधत नाही.

आमच्या शेताच्या ओढ्याकडेलाही तार ओढायचं चाललं होतं. भावोजी म्हणाले, "वहिनी, तार चार दिवसांत उभी राहते, करवंदीला चार वर्षं लागतात." त्यांचं खरंच होतं. पण अत्ती म्हणाल्या, "मुळ्ळ इद्दर हक्की बर्ताव." काटे असले तर पाखरं येतात. अखेर रस्त्याकडेला तार आणि ओढ्याकडेला करवंदी, असं ठरलं.

अत्तींचं म्हणणं अनुभवाचं होतं. दाट, काटेरी जाळीत मांजराला सहज शिरता येत नाही, म्हणून लहान पाखरांना ती सुरक्षित वाटते. उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांवर कीटक येतात, मग फळांवर पाखरं.

लावायची रीत सोपी आहे. पूर्ण पिकलेल्या फळांच्या बिया धुऊन लगेच पिशवीत पेराव्यात. ठेवून दिल्या तर नीट उगवत नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं दोन-दोन फुटांवर लावावीत. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी. पहिले दोन उन्हाळे पाणी घातलं, की पुढं करवंदी स्वतःचं बघते. छाटणी घरटी रिकामी झाल्यावरच करावी.

आता आम्ही लोणच्यासाठी कच्ची करवंदं काढतो, वरच्या फांद्यांवरची पाखरांना ठेवतो. त्यांनी टाकलेल्या बियांतून ओढ्यापलीकडं दोन रोपं उगवली आहेत. भावोजींनीच त्यांच्याभोवती दगड रचलेत.

यंदा मे महिन्यात करवंदं आणाल, तेव्हा मूठभर बिया जपून ठेवू नका, त्याच दिवशी पेरा.