नचिकेत्याने पाहिलेल्या गायी

पोथी चालू असताना पोराने मध्येच "पण असं का?" विचारलं, की कुणीतरी डोळे वटारतं. देवाधर्माच्या गोष्टीत शंका काढू नये! ही समजूत घराघरांत इतकी मुरली आहे की तीच परंपरा वाटू लागते. ग्रंथ मात्र वेगळं सांगतात.

श्रद्धा असली की प्रश्न संपतात, हा पहिला गैरसमज. कठोपनिषदाची सुरुवातच याच्या उलट आहे. नचिकेत्याच्या बापाचा यज्ञ चाललाय, दक्षिणेच्या गायी नेल्या जाताहेत. त्यांचं पाणी पिऊन झालंय, चारा खाऊन झालाय, दूधही काढून संपलंय. भाकड, थकलेली जनावरं. ते पाहून नचिकेत्याच्या मनात श्रद्धा शिरली, असं उपनिषद म्हणतं, आणि म्हणूनच तो बापाला विचारतो, "मला कुणाला देणार?" एकदा विचारून थांबत नाही, तीनदा विचारतो. बाप चिडून त्याला मृत्यूच्या हवाली करतो. पुढे यम मुलं-नातवंडं, हत्ती-घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य देऊ करतो. फक्त मरणानंतरचा प्रश्न सोड म्हणतो. पोरगा हटत नाही. यम रागावत तर नाहीच, उलट असाच विचारणारा आपल्याला भेटत राहो, असं म्हणतो.

"गार्गीला याज्ञवल्क्यांनी गप्प बसवलं" हेही अर्धंच खरं. जनकाच्या सभेत हजार गायींचं बक्षीस होतं. गार्गी एकामागून एक विचारत गेली, तेव्हा 'अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल' अशी ताकीद तिला मिळाली, हे बृहदारण्यकात आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा उभी राहते. धनुष्याला दोरी चढवून हातात दोन बाण घेतलेल्या योद्ध्यासारखी मी दोन प्रश्न घेऊन आले आहे, असं भर सभेत सांगते. उत्तरं ऐकून याज्ञवल्क्यांना कुणी जिंकू शकणार नाही, हा निवाडाही तीच देते. ताकीद सांगणारे खूप भेटतात. हा पुढचा भाग सांगायला हवा.

गीतेतला 'संशयात्मा', म्हणजे नाश पावणारा शंकेखोर, तर विचारणाऱ्यावर हमखास फेकला जातो. तो चौथ्या अध्यायातल्या 40व्या श्लोकात येतो. त्याच अध्यायाच्या 34व्या श्लोकात ज्ञान मिळवण्याच्या वाटा सांगितल्या आहेत, त्यांत नमस्कार आणि सेवेबरोबर 'परिप्रश्न' आहे, म्हणजे चहूबाजूंनी विचारणं. सहाव्या अध्यायात अर्जुन आपला संशय स्वतः कृष्णापुढे ठेवतो आणि तो तुम्हीच दूर करा, असं सांगतो. शेवटी अठराव्यात कृष्ण काय म्हणतो? सगळ्याचा नीट विचार कर, मग तुला वाटेल तसं कर.

वाद म्हणजे भांडण, हा आपल्या रोजच्या बोलीने केलेला घोटाळा. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून तो वाद, जिंकायचंच म्हणून तो जल्प, आणि स्वतःचं मत न मांडता समोरच्याचं फक्त मोडायचं ती वितंडा. मराठीतला 'वितंडवाद' तिथूनच आला. याच शास्त्राच्या 16 पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, 'संशय' तिसरा आहे. 'सिद्धान्त' त्याच्या नंतर येतो. शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य वाचतानाही आधी विरोधकाचा पूर्वपक्ष ऐकावा लागतो, तोही चांगला भक्कम.

म्हणजे नुसत्या तर्काने सगळं हाती लागतं का? तसंही नाही. आत्म्याचं ज्ञान केवळ तर्काने मिळत नाही, असं कठोपनिषदच बजावतं. विचारणाऱ्याची तयारी लागते. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे येतात, तेव्हा ते म्हणतात, वर्षभर इथे राहा, मग विचारा. आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. त्या सहांपैकी सुकेशाला पूर्वी कोसलच्या राजपुत्राने सोळा कलांच्या पुरुषाबद्दल विचारलं होतं. "मला माहीत नाही," असं सुकेशाने सरळ सांगितलं होतं. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. तोच प्रश्न घेऊन सुकेशा आता पिप्पलादांपुढे बसला आहे.