विकतचे पूर्वज

१५०८ साली जॉन स्पेन्सर याने इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यातली ऑल्थॉर्पची मालमत्ता ८०० पौंडांना विकत घेतली. विकणारे केट्सबी हे जुने, नावाजलेले घराणे. घेणारा मेंढ्या पाळून श्रीमंत झालेला. शेजारच्या वॉरिकशरमधले वर्मलेटन त्याने दोनच वर्षांपूर्वी पदरात पाडून घेतले होते. पुढे राजकुमारी डायना आणि विन्स्टन चर्चिल ज्या वंशात जन्मले, त्याची खात्रीची सुरुवात इथून होते. पण घराण्याला ही सुरुवात फार काळ पुरेशी वाटली नाही.

ट्यूडर काळात लोकर म्हणजे रोकड होती. धान्य पिकवायला नांगर, बैल, मजूर लागत. मोकळ्या कुरणावर मात्र मोजके मेंढपाळ भला मोठा कळप सांभाळत. म्हणून जमीनदार शेतांना कुंपणे घालून कुळांना बाहेर काढू लागले. वर्मलेटनचे असेच झाले होते. विल्यम कोप या दरबारी अधिकाऱ्याने १४९८ मध्ये तिथली घरे पाडली, साठेक माणसे बेघर झाली, आणि ते रिकामे गाव पुढे स्पेन्सरने घेतले. १५१७ मध्ये राजाचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने अशा कुंपणांची चौकशी लावली, तेव्हा स्पेन्सरलाही उत्तर द्यावे लागले. त्याचा बचाव हुशारीचा होता: गाव उठवले ते आधीच्या मालकाने, मी तर उलट वाडा बांधला, चर्च नीट केले, झाडे लावली. यात खोटे काही नव्हते. मात्र त्याचे कळप चरत होते ते उठवलेल्या शेतांवरच.

आठव्या हेन्रीने त्याला ‘सर’ केले. १५२२ मध्ये तो वारला. त्यानंतरच्या पिढ्यांनी जमिनीइतकीच काळजीपूर्वक सोयरीक जोडली. मुलाला शेजारच्या नाइटली या जमीनदार घराण्यातली मुलगी केली. नातू दुसरा सर जॉन याने लंडनच्या गडगंज व्यापाऱ्याची, सर टॉमस किटसनची मुलगी कॅथरिन केली. पणतूची बायको सरन्यायाधीशांची कन्या. चार पिढ्यांत जमीन, व्यापार आणि न्यायासन एका छपराखाली आले. कॅथरिनच्या मुली तर सरदारांच्या घरी पडल्या. कवी एडमंड स्पेन्सरने १५९१ मध्ये त्यांपैकी तिघींना आपली काव्ये अर्पण केली आणि आपले त्यांच्याशी नाते असल्याचेही सांगून टाकले. मेंढ्या मात्र सुटल्या नाहीत. कळप वाढता वाढता वीस हजारांना एक कमी इतका होई, पण वीस हजारांचा आकडा कधीच गाठत नसे, अशी आख्यायिका या घराण्याबद्दल सांगतात.

उणीव होती ती पूर्वजांची. त्या काळी कुलचिन्ह ही गंभीर बाब असे. राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, १५३० पासून परगण्या-परगण्यात फिरून कोणाला ढालीवर चिन्ह मिरवण्याचा हक्क आहे हे तपासत. राजघराण्याचे चिन्ह आपल्या ढालीत घेतल्याच्या आरोपावरून सरेच्या अर्लचे १५४७ मध्ये डोके उडवले गेले. स्पेन्सरांना १५०४ मध्ये मिळालेले चिन्ह रीतसर होते. त्यात समुद्रपक्ष्यांची सहा डोकी होती. ते कोणी नाकारले नसते. पण ते नवे होते, हाच त्याचा दोष!

तो दोष १५९५ मध्ये रिचर्ड ली या हेरल्डने दूर केला. त्याने वंशावळ तयार केली आणि मेंढ्यांच्या मालकांना मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांचे वंशज ठरवले. आपल्याकडच्या भाटांचे काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. गंमत अशी की डिस्पेन्सर पितापुत्र हे दुसऱ्या एडवर्डचे बदनाम मर्जीतले लोक. दोघांनाही १३२६ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली होती. तरीही बदनाम सरदार हा पूर्वज म्हणून इमानदार गवळी-मेंढपाळापेक्षा बरा, असा हिशेब झाला. ढालीवर डिस्पेन्सरांचे चिन्ह आले, वर फरक म्हणून काळ्या पट्ट्यावर तीन शिंपले.

पहिल्या जॉनचा खापरपणतू रॉबर्ट १६०३ मध्ये बॅरन झाला. राज्यात सर्वांत जास्त रोकड त्याच्याकडे आहे, असा त्याचा लौकिक होता. १६२१ मध्ये लॉर्ड्‌सच्या सभागृहात अरंडेलच्या अर्लने त्याला टोमणा मारला, की ज्या घडामोडींबद्दल बोलतो आहेस त्या घडल्या तेव्हा तुझे पूर्वज मेंढ्या राखत होते. रॉबर्टने तिथल्या तिथे सुनावले, की माझे मेंढ्या राखत असताना तुमचे राजद्रोहाचे कट करत होते. अरंडेल हा शिरच्छेद झालेल्या त्या सरेचाच पणतू, आणि त्याच्या आजोबांचेही डोके १५७२ मध्ये उडवलेले. माफी न मागितल्याबद्दल अर्लची रवानगी लंडनच्या टॉवर या तुरुंगात झाली. लीची वंशावळ हाताशी असताना रॉबर्टला मेंढ्याच उपयोगी पडल्या, ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत सच्ची गोष्ट वाटते.

लीचे बिंग फुटायला तीनशे वर्षे लागली. जे. होरेस राउंड या इतिहासकाराने १९०१ मध्ये दाखवून दिले, की लीने सापडेल तिथून स्पेन्सर आणि डिस्पेन्सर गोळा केले, एकाच नावाच्या वेगवेगळ्या माणसांना एक केले आणि जुळेनात तिथे लग्ने रचली. राउंडचा स्वभाव कडवट होता, पण त्याचा निकाल आजवर उलटलेला नाही.

ऑल्थॉर्प अजून स्पेन्सरांकडेच आहे. तिथल्या तळ्यातल्या बेटावर डायनाची समाधी असल्याने पुष्कळ भारतीयही जातात. गेलात तर जवळच्या ग्रेट ब्रिंग्टन गावातले सेंट मेरी चर्च चुकवू नका. मेंढ्यांवर घराणे उभे करणाऱ्या पहिल्या सर जॉनपासूनचे स्पेन्सर तिथे विसावले आहेत, आणि जॉर्ज वॉशिंग्टनचा एक पूर्वज, १६१६ मध्ये वारलेला लॉरेन्स वॉशिंग्टन, त्याच चर्चमध्ये पुरलेला आहे.