मन खचतं तेव्हा मेंदूत काय होतं?



गटातली एखादी बाई दोन-दोन महिने गप्प राहते. बचत वेळेवर भरते, पण जेवण जात नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग आपणच म्हणतो, "फार मनावर घेते ती." दिग्रस तालुक्यातल्या गावांत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तिथे हे वाक्य नेहमी कानावर येतं. मनावर घेणं म्हणजे शरीरात नेमकं काय होणं, हे शोधणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची आज ओळख करून घेऊ.

त्यांचं नाव डॉ. विदिता वैद्य. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, अमेरिकेत येल विद्यापीठातून पीएच.डी. केली. पुढे स्वीडन आणि इंग्लंडमध्ये संशोधन केलं. परदेशात राहता आलं असतं, पण 2000 साली त्या परत आल्या आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. 2015 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, 2022 साली इन्फोसिस पुरस्कार.

आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत बहुतेक वेळा रसायनं पोचवतात. अशी रसायनं अनेक आहेत. म्हातारपणी स्मृती जाते त्या अल्झायमरच्या आजारात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी पडत जातं. विदिताताईंचा अभ्यास मुख्यतः सेरोटोनिन या रसायनाचा. झोप, भूक, भीती, उदासी यांच्याशी त्याचा संबंध आहे.

त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरचे काही दिवस, रोज काही तास आईपासून दूर ठेवलं. ती पिल्लं मोठी झाल्यावरही जास्त घाबरट राहिली. लहानपणीचा ताण संपून गेला, पण मेंदूत सेरोटोनिनचा निरोप घेण्याची रीतच बदलली होती.

हे ऐकून निंदणाला जाताना लेकरू आजीजवळ ठेवणाऱ्या बाईने अपराधी वाटून घेऊ नये. उंदरांवरचं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही, आणि आजीच्या मांडीवरचं लेकरू काही एकटं नसतं. धडा एवढाच, की घरातली मारझोड, दारूची भांडणं, रोजची भीती यांचा लेकरावर खोल परिणाम होऊ शकतो. "लहान आहे, त्याला काय कळतं," असं म्हणून चालणार नाही.

दुसरा शोध 2019 सालचा. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या छोट्या चुली असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. सेरोटोनिनमुळे चेतापेशीतल्या या चुली वाढतात आणि पेशी ताणापुढे जास्त तग धरते, असं विदिताताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. म्हणजे हे रसायन नुसता निरोप्या नाही, पेशीला बळही देतं.

आता तुम्ही विचाराल, गोळीने कर्ज फिटतं का? नाही फिटत. बुडालेलं सोयाबीन, सावकाराचा तगादा, घरातला त्रास ही दुःखाची खरी कारणं आहेत, ती वेगळी सोडवावीच लागतात. पण खचलेल्या माणसाला त्यातून वाट काढायची ताकदच उरत नाही. ती ताकद परत यावी म्हणून उपचार. जशी शुगर, जसा बीपी, तसाच हाही आजार. त्यात बाईचा दोष नाही, बाहेरचं काही लागलेलं नाही.

म्हणून गटात एवढं लक्षात ठेवू. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-भूक गेलेली, कशातच मन नाही, असं दिसलं तर आशाताईंना सांगायचं, आरोग्य केंद्रात न्यायचं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा फोन मोफत आहे, रात्रीही चालतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. "जगण्यात अर्थ नाही," असं कुणी म्हणालं तर तिला एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं जास्त बसा, आणि गप्प असलेल्या मैत्रिणीला विचारा, "झोप लागते का गं?"