प्रथिनांची चाळणी

पीठ, रवा आणि कोंडा एकत्र झाले, तर गृहिणी चाळणी हातीं घेते. चाळणी मिश्रणाला एकच प्रश्न विचारते: कण लहान कीं मोठा? कणाचा रंग, चव किंवा वास यांची चौकशी ती करीत नाहीं. प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनींहि अशीच एक चाळणी बनविली आहे. मात्र ती तारेची नसून रसायनांची आहे, आणि तिच्यांतून कण विजेच्या ओढीनें न्यावयाचे असतात. या क्रियेस जेल इलेक्ट्रोफोरेसिस असें म्हणतात. तींत कोणतें रसायन कोणतें काम करतें, हें जाणणें मनोरंजक आहेच; परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एखादें रसायन घातलें अथवा गाळलें, तर तपासणीचें उत्तरच पालटतें, आणि त्या उत्तरावर कधीं कधीं एखाद्या कुटुंबाचें सुखदुःख अवलंबून असतें.

स्वीडनमधील उप्साला येथें आर्ने टिसेलियस यांनीं १९३७ सालीं रक्तद्रवांतील प्रथिनें विजेच्या साह्यानें वेगळीं करण्याची सुधारलेली पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९४८ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु या पद्धतींत प्रथिनें मोकळ्या द्रावणांतून धांवत, त्यामुळें तीं एकमेकांपासून पुरतीं विलग होत नसत. १९५५ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें ऑलिव्हर स्मिथीज यांना आपल्या लहानपणची गोष्ट आठवली. आई कपड्यांना खळ करी, आणि ती गार झाली म्हणजे थिजून घट्ट होई. त्यांनीं स्टार्चच्या अशाच थिजलेल्या थरांतून प्रथिनें चालविलीं आणि त्यांचे रेखीव पट्टे मिळविले. पुढें १९५९ सालीं स्टार्चच्या जागीं अ‍ॅक्रिलामाइड आलें आणि खरी चाळणी हातीं आली.

अ‍ॅक्रिलामाइड हें पाण्यांत सहज विरघळणारें पांढरें चूर्ण होय. त्याचे रेणू एकमेकांस जोडले गेले म्हणजे लांबच लांब धागे तयार होतात. परंतु नुसत्या उभ्या धाग्यांचें वस्त्र होत नाहीं. आडवा धागाहि लागतो. तें काम बिस-अ‍ॅक्रिलामाइड करतें. ही वीण आपोआप सुरू होत नाहीं. अमोनियम परसल्फेट तिला आरंभ करून देतें आणि टेमेड नांवाचा द्रव तिला वेग देतो. हवेंतील प्राणवायु या क्रियेच्या आड येतो, म्हणून हें मिश्रण दोन कांचांच्या फटींत ओततात. अ‍ॅक्रिलामाइडचें प्रमाण वाढविलें, तर जाळीचीं छिद्रें बारीक होतात. मोठ्या प्रथिनांस शेंकडा सात-आठ प्रमाणाचें जेल लागतें, लहानांस शेंकडा पंधराचें.

येथें एक इशारा आवश्यक आहे. न जोडलेलें अ‍ॅक्रिलामाइड हें मज्जातंतूंचें विष आहे, आणि तें कातडीवाटेंहि शरीरांत शिरतें. जेल घट्ट झाल्यावर हा धोका बराच कमी होतो; पण थोडें रसायन न जोडतां मागें राहतेंच. म्हणून हातमोजे शेवटपर्यंत काढूं नयेत.

आतां चाळावयाच्या प्रथिनांकडे वळूं जातां एक अडचण दिसते. प्रथिन ही अमिनो आम्लांची सांखळी खरी, पण ती गुंडाळलेली असते. प्रत्येकीची घडी निराळी आणि विद्युद्भारहि निराळा. अशा स्थितींत कोण पुढें गेला, तो लहान म्हणून कीं भार अधिक म्हणून, हें सांगतां येत नाहीं. यावर उपाय म्हणून दोन रसायनें योजतात. मर्कॅप्टोएथेनॉल या दुर्गंधी द्रवानें सांखळीतील गंधकाचे बंध तुटतात. सोडियम डोडेसिल सल्फेट हें साबणासारखें रसायन सांखळीची घडी मोडतें आणि तिच्या अंगभर चिकटतें. एक ग्रॅम प्रथिनास सुमारें १.४ ग्रॅम, असें हें प्रमाण बहुतेक प्रथिनांत सारखेंच असतें. या रसायनाचा ऋण भार इतका मोठा असतो कीं, प्रथिनाचा स्वतःचा भार त्यांत बुडून जातो. मग सर्व सांखळ्या धन अग्राकडे धांवूं लागतात आणि फरक उरतो तो केवळ लांबीचा.

धांवण्याचा आरंभ सर्वांनीं एकाच रेषेवरून करावा, यासाठींहि योजना असते. १९७० सालीं केंब्रिज येथील उलरिश लेमली यांनीं वापरलेली रीत आज सर्वत्र रूढ आहे. तींत ट्रिस आणि ग्लायसिन यांचें द्रावण असतें. वरच्या विरळ थराचा पीएच ६.८ असतो, तेथें ग्लायसिनवर जवळजवळ भारच नसतो आणि तें मागें रेंगाळतें. क्लोराइड पुढें धांवतें, आणि त्या दोहोंमध्यें सांपडून प्रथिनांची एक पातळ रेषा बनते. खालच्या ८.८ पीएचच्या थरांत ग्लायसिनला भार मिळून तें पुढें निघून जातें, आणि चाळणीचें काम सुरू होतें. नमुना तळाशीं बसावा म्हणून त्यांत ग्लिसरीन घालतात. धांव कोठवर आली हें ब्रोमोफिनॉल ब्ल्यूच्या निळ्या रेघेवरून कळतें. शेवटीं कूमासी ब्ल्यू या रंगानें पट्टे दृश्य होतात. हा मुळांत लोंकर रंगविण्याचा रंग होता.

इतकी उत्तम चाळणी असतांहि ती एका ठिकाणीं साफ फसते, आणि तें ठिकाण महाराष्ट्राच्या निकटचें आहे. विदर्भांत, विशेषतः गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात. १९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं विजेच्या साह्यानेंच दाखविलें कीं, या रोग्यांच्या हिमोग्लोबिनचा भार निराळा असतो. पुढें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं त्याचें कारण शोधलें. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा सांखळींत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलेलें असतें. सांखळीची लांबी तीच राहते. एक ऋण भार तेवढा गेलेला असतो.

म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट घातलें, तर निरोगी आणि रोगी या दोन्ही सांखळ्या बहुधा एकाच रेषेवर येऊन थांबतील. जो पुरावा हवा, तोच त्या रसायनानें पुसला जाईल. म्हणून या रोगाच्या तपासणींत तें गाळतात. हिमोग्लोबिन न उलगडतां, अल्कधर्मी द्रावणांत चालवितात. तेथें सिकल हिमोग्लोबिन मागें पडतें आणि वाहकाच्या रक्तांत दोन पट्टे स्पष्ट दिसतात. आईबाप दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. तो दुसरा पट्टा वेळीं दिसला, तर त्या दांपत्यास योग्य सल्ला मिळूं शकतो.

रसायनांच्या बाटल्या फळीवर एका रांगेंत उभ्या असतात, पण त्यांपैकीं प्रत्येक बाटली प्रथिनास एक निराळा प्रश्न विचारते आणि दुसरा एखादा प्रश्न मिटवून टाकते. कोणती उघडावयाची, याचा निर्णय कृतीचें टिपण पाहून होत नाहीं. काय जाणावयाचें आहे, हें आधीं ठरवावें लागतें.