डिअरबॉर्नचे अरब समाजकेंद्र

अरब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट, उंट आणि तेलाच्या विहिरी उभ्या राहतात. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या डिअरबॉर्न नगरातला अरब मात्र मोटारींच्या कारखान्यात घाम गाळीत आला आहे. रूझ नदीकाठी फोर्डचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला, तसे लेबनॉनकडचे लोक तेथे येऊन राहिले. पुढे येमेनी, पॅलेस्टिनी, इराकी आले. धुराड्यांच्या सावलीतच त्यांची वस्ती वाढली.

ही वस्ती उठवून जागा उद्योगांस द्यावी, असा नगरपालिकेने घाट घातला. घरे पडू लागली. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९७३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. याच धामधुमीच्या काळात, १९७१ मध्ये, 'ॲक्सेस' हे समाजकेंद्र निघाले. आरंभी एक लहानसा गाळा आणि चार स्वयंसेवक, एवढाच त्याचा संसार. अर्ज भरून देणे, इंग्रजी शिकविणे, दुभाष्याचे काम करणे ही कामे दिसावयास क्षुल्लक. पण इंग्रजी न येणाऱ्या आईचे दुखणे डॉक्टरला दहा वर्षांच्या मुलाने समजावून सांगावयाचे, ही पाळी ज्या घरावर येते त्यास त्यांचे मोल विचारावे. पुढे केंद्राने दवाखाना काढला, रोजगाराचे शिक्षण सुरू केले.

पोटाची सोय झाली म्हणजे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मुलांना अरबी शिकवावयाची, पण कोणती? ग्रंथांची आणि वृत्तपत्रांची अरबी एक. घरची बोली निराळी. येमेनी आजीची बोली आणि लेबनीज आजीची बोली यांत इतके अंतर, की कधी कधी एकीचे दुसरीस उमगू नये. शाळेत मूल प्रमाण अरबी शिकते, आणि ती घरी कोणीच बोलत नाही! मालवणी किंवा अहिराणी घरांतून प्रमाण मराठीच्या शाळेत गेलेल्या आपल्या श्रोत्यांस ही अडचण फोडून सांगावयास नको. आमच्या मते बोली हीच आधी टिकली पाहिजे. आजीशी बोलता येत नसेल तर व्याकरण घेऊन काय करावयाचे?

धर्माचेही तसेच. अमेरिकेत प्रथम गेलेले अरब बहुतांशी ख्रिस्ती होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. या साऱ्यांचा इतिहास एका छपराखाली यावा म्हणून केंद्राने २००५ साली डिअरबॉर्न येथेच अरब अमेरिकनांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले.

आणि सरकारदरबारी? तेथे हे लोक 'गोरे' म्हणून नोंदले जात. १९१५ च्या एका खटल्यात सीरियन माणूस गोरा ठरला, म्हणून त्यास नागरिकत्व लाभले. त्या काळी तो लाभच होता. पुढे मात्र त्याच शिक्क्यामुळे अरबांची वेगळी मोजदाद होईना, आणि मोजदाद नाही म्हणजे गरजेचा पुरावा नाही. २०२० च्या शिरगणतीत आपले मूळ लिहिण्यास वाव मिळाला, तेव्हा डिअरबॉर्नमध्ये निम्म्याहून अधिक लोक मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेकडचे निघाले. त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना असावा, असे सरकारने ठरविले ते मार्च २०२४ मध्ये.