प्रवाह आणि धमनीची भिंत

चोळकालीन कल्लणै बंधाऱ्याशी कावेरीचे पाणी वेण्णार आदी फाट्यांत विभागते आणि तंजावरकडील खेड्यांच्या भातखाचरांत पोहोचते. तेथल्या शेतकऱ्याला ठाऊक असते की, गाळ सर्वत्र सारखा बसत नाही. वळणावर बाहेरचा काठ पाण्याने खरवडला जातो. आतल्या काठाशी प्रवाह मंदावतो व वाळू साचते.

मनुष्याच्या धमन्यांतही असाच पक्षपात आढळतो. रक्तातील मेद, तंबाखू वा मधुमेह यांचा उपद्रव सर्व धमन्यांना पोहोचतो. परंतु मेदाचे थर धरतात ते ठरावीक जागी. हे का व्हावे? १९६८ साली फ्राय यांनी दाखवून दिले की, जोराच्या प्रवाहाने धमनीच्या अस्तराला इजा होते. तेव्हा रोगही तेथेच जडत असणार, हा तर्क स्वाभाविक होता. पण पुढच्याच वर्षी कॅरो व त्यांचे सहकारी यांनी नेमके उलट प्रतिपादन केले आणि पुढील संशोधनाचा कौल बहुतांशी त्यांच्याच बाजूने पडला. मानेतील धमनीला फाटा फुटतो, तेथे मधल्या टोकावर रक्त वेगाने आदळते. ती जागा बहुधा निकोप राहते. बाहेरच्या भिंतीशी मात्र रक्त रेंगाळते, क्षणभर मागेही वळते, आणि थर तेथे धरतो.

गाळाची उपमा इथवरच चालते. नदीचा काठ निर्जीव असतो. धमनीचे अस्तर जिवंत पेशींचे असते आणि त्यांना प्रवाहाचा स्पर्श कळतो. वाहते रक्त एका दिशेने घासत गेले, की त्या पेशी लांबट होऊन त्याच दिशेने ओळीने बसतात आणि धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात. प्रवाह रेंगाळला, की ही ओळ मोडते, मेदाचे कण अस्तराखाली शिरतात आणि तेथे दाह सुरू होतो. थर वाढतो तो भिंतीच्या आतल्या आत, पुष्कळदा वर्षानुवर्षे, रोग्याला काही जाणवण्यापूर्वी.