शस्त्रक्रियेनंतरचा आवर्ती खर्च

स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेला सशर्त विमासंरक्षण देण्याचा मार्ग विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली मोकळा केला, हे योग्यच झाले. परंतु शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च. आवर्ती खर्चाचे काय? जठराचा बहुतांश भाग व आतड्याचा प्रारंभ वगळून अन्नाची वाट वळविली की लोह, कॅल्शियम, ब-12 जीवनसत्त्व यांचे शोषण घटते आणि गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर चुकत नाहीत. तासिका तत्त्वावर शिकविणारे आमचे एक सहकारी वर्षभरात सडपातळ झाले, कौतुकही झाले. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या, जिना चढताना धाप. मानधन रखडले (ते रखडतेच!) म्हणून त्यांनी गोळ्या थांबविल्या होत्या. रुग्णालयाच्या ‘पॅकेज’मध्ये या खर्चाचा उल्लेखच नव्हता. तो आकडा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला लेखी देणे शासनाने बंधनकारक करावे.